तरबियत म्हणजे वळण

सकाळी सातच्या सुमाराला नाशकात दूध बाजारातून चौक मंडईकडे चालत गेलात, तर टोपी घातलेली किंवा ओढणी गुंडाळलेली चार-पाच वर्षांची पोरं छातीशी एक पातळ पुस्तक धरून गल्लीबोळांतून निघालेली दिसतात. त्या पुस्तकाला कायदा म्हणतात. कोर्टातला कायदा नव्हे, ही अरबी मुळाक्षरांची अंकलिपी. तास-दीड तासानं हीच पोरं कायदा घरी ठेवतात, दप्तर पाठीला लावतात आणि रिक्षात दाटीवाटीनं बसून केजीला जातात.

मी नाशकात २२ वर्षं बालवाडी चालवली. त्यामुळे लहान पोरांबद्दलचा कुठलाही प्रश्न सोसायटीत आधी माझ्याच दारावर येतो. मागच्या महिन्यात खालच्या मजल्यावरचे आजोबा म्हणाले, "ताई, एवढ्याशा पोरांना धर्म काय शिकवतात हो? त्यांना चड्डीची नाडी बांधता येत नाही." प्रश्न जरा खोचक होता, पण चुकीचा नव्हता. चार वर्षांच्या मुलाला देव, पाप, पुण्य, मरण यातलं काय आणि कसं कळणार? हा प्रश्न कुठल्याही धर्माला विचारता येतो. इथं तो इस्लामी बालवाडीपुरता उलगडते, कारण तिथलं मी थोडंफार जवळून पाहिलं आहे. माझी एक मैत्रीण अशा बालवाडीत शिकवते. आमची ओळख शिक्षिकांच्या प्रशिक्षणात झाली. ती कोकणी मुसलमान. घरी मराठी, वर्गात उर्दू, प्रार्थनेपुरती अरबी आणि पालकसभेत तिन्हींची मिसळ. पोरं तिला आपा म्हणतात, म्हणजे ताई. मीही इथं आपाच म्हणते.

आधी दोन शब्द. तालीम आणि तरबियत. तालीम म्हटलं की आपल्याला लाल माती आणि लंगोट आठवतो, नाहीतर नाटकाची तालीम. शब्द तोच आहे. अरबीत तालीम म्हणजे ज्ञान देणं, शिकवणं. तरबियत म्हणजे वाढवणं, जोपासणं. आपल्याकडे तरबियतीला चपखल शब्द आहे, वळण. मुलाला वळण लावायचं असतं आणि अक्षरालाही. दोन्ही ठिकाणी गोष्ट एकच, हात तसा वळू लागेपर्यंत पुन्हा पुन्हा गिरवणं. इस्लामी बालवाडीत तालीम थोडी असते आणि तरबियत पुष्कळ. हे एक लक्षात ठेवलं की बाकीचं बरंचसं आपोआप कळतं.

ही बालवाडी एका ठशाची नसते. सर्वांत जुना प्रकार मशिदीला लागून असलेल्या मकतबाचा. सकाळी किंवा संध्याकाळी तास-दोन तास, जमिनीवर चटया, समोर पुस्तक ठेवायची रेहल नावाची लाकडी घडीची घोडी आणि हाफिजसाब, म्हणजे कुराण तोंडपाठ असलेले शिक्षक. दुसरा प्रकार उर्दू माध्यमाच्या शाळेला जोडलेल्या बालवाडीचा. तिसरा शहरांत अलीकडे वाढलेला, इंग्रजी माध्यमाचा. तिथं रंगीत खुर्च्या, घसरगुंडी, इंग्रजी अक्षरांचे उच्चार आणि त्याच वेळापत्रकात दुआ, म्हणजे छोट्या प्रार्थना, आणि अरबी अक्षरं. बरेच आईबाप पोराला केजीलाही घालतात आणि मकतबालाही. शिवाय बरेलवी, देवबंदी, अहले हदीस, बोहरा असे पंथभेद आहेतच. कुठं नात, म्हणजे पैगंबरांची स्तुतिगीतं, आणि सलाम जास्त, कुठं ते अजिबात नाही. पण चार वर्षांच्या मुलाला जे शिकवतात ते बहुतेक ठिकाणी सारखंच निघतं.

भारतीय उपखंडात शिक्षणाची सुरुवात करण्याचा एक जुना रिवाज आहे, बिस्मिल्लाह ख्वानी. मूल चार वर्षं, चार महिने आणि चार दिवसांचं झालं की त्याला नवे कपडे घालून घरातल्या वडीलधाऱ्यासमोर किंवा मौलवींसमोर बसवतात आणि कुराणातल्या ९६व्या सूरहच्या, म्हणजे अध्यायाच्या, पहिल्या पाच आयती, म्हणजे वचनं, त्याच्याकडून वदवून घेतात. त्यांचा पहिला शब्द 'इक्रा', म्हणजे वाच. मुसलमानांच्या परंपरेनुसार पैगंबरांवर सर्वांत आधी याच आयती उतरल्या. हा रिवाज कुराणातला नाही, हदीसमधलाही (पैगंबरांच्या वचनांच्या आणि आठवणींच्या नोंदींमधलाही) नाही, इथल्या मातीतला आहे, त्यामुळे काही घरांत तो करतच नाहीत. मिठाई वाटतात, फोटो काढतात, पोरगं रडतं. आपल्याकडे दसऱ्याला पाटीवर सरस्वती काढून घेताना पोरं रडतात तशीच.

आता वर्गात जाऊ. डबा खाण्याची वेळ. मधे लांब कापड अंथरलेलं, त्याला दस्तरख्वान म्हणतात. पोरं दोन्ही बाजूंना. आपा "बिस्मिल्लाह" म्हणते, पोरं ओरडून म्हणतात. मग उजव्या हातानं खायचं आणि आपल्या पुढ्यातलं खायचं. या तीन गोष्टींमागे एक गोष्ट आहे. पैगंबरांच्या घरात त्यांच्या पत्नी उम्म सलमा यांचा आधीच्या लग्नाचा लहान मुलगा वाढत होता, उमर. जेवताना त्याचा हात सगळ्या ताटभर फिरायचा. पैगंबर त्याला म्हणाले, बाळ, अल्लाहचं नाव घे, उजव्या हातानं खा आणि तुझ्या जवळचं खा. ही हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. उमर मोठेपणी सांगत, की त्यानंतर माझी खाण्याची रीत तीच राहिली. आपा ही गोष्ट आठवड्यातून एकदा तरी सांगते आणि दर वेळी त्या मुलाचा हात ताटात कसा भटकायचा त्याचा अभिनय करते. पोरं खदखदतात. दुसऱ्याच्या डब्यातला कबाब उचलणाऱ्याला मग रागवावं लागत नाही, शेजारचंच म्हणतं, "उमर का हाथ! उमर का हाथ!"

शिंकलं की "अल्हम्दुलिल्लाह", ऐकणाऱ्यानं "यरहमुकल्लाह", म्हणजे अल्लाह तुझ्यावर दया करो. आमची आजी आम्ही शिंकलो की "शतंजीव" म्हणायची, त्याचा अर्थ मला चौथीत कळला. वर्गात शिरताना सलाम. झोपताना दुआ, उठल्यावर दुआ. संडासात जाताना डावा पाय आधी, बाहेर येताना उजवा. माझ्या बालवाडीत पोरांचा डावा-उजवा पक्का होईस्तोवर दिवाळी उजाडायची. आपाच्या वर्गात तो श्रावणातच होतो. मी तिला म्हटलंही, की बाई, ही तुझी फसवणूक आहे, तुला संडासाची मदत आहे.

यात कुठं 'मूल्य' दिसतं का? पोराला विचारलंत तर ते सांगणार नाही. त्याच्यासाठी बिस्मिल्लाह हा घास तोंडात जाण्याआधीचा आवाज आहे. इथंच बाहेरून बघणारा म्हणतो, ही तर पोपटपंची. पण आपल्या घरातली शुभंकरोती काय होती? तिन्हीसांजेला दिव्यापुढे बसून ती म्हणताना 'शत्रुबुद्धिविनाशाय' हा शब्द कुठं तोडायचा हेही आपल्याला ठाऊक नव्हतं. दिवा, तेलाचा वास, मांडी घालून बसणं आणि आई शेजारी असणं, हे आधी आत गेलं. अर्थ नंतर आला, आणि काहींच्या बाबतीत आलाही नाही.

यावर इस्लामी परंपरेत विचार झालेला आहे, आणि तोही नऊशे वर्षांपूर्वी. धर्मपंडित इमाम गझाली ११११ साली वारले. त्यांच्या 'इह्या उलूमुद्दीन' या ग्रंथात मुलाच्या शिक्षणाचा क्रम असा येतो: श्रद्धेची वाक्यं आधी पाठ करवावीत, मग हळूहळू समज येते, मग विश्वास, मग खात्री. म्हणजे पाठांतर ही पायरी आहे, गच्ची नव्हे. ते असंही म्हणतात, की मूल म्हणजे आईबापांकडे सोपवलेली ठेव आहे आणि त्याचं काळीज कोरं, मौल्यवान रत्न आहे. मकतबातून सुटल्यावर मुलाला खेळू द्यावं, नाहीतर त्याचं मन मरतं आणि बुद्धी मंदावते, हेही त्यांचंच. शिकवणीच्या तिसऱ्या क्लासला पोरं पाठवणाऱ्या आईबापांनी, कुठल्याही धर्माच्या, हे वाक्य फ्रिजवर लावायला हरकत नाही.

मग खरी कसोटी कुठं? पाठांतराच्या पायरीवरून पुढं न्यायला कुणी आहे की नाही, तिथं. हे ठिकठिकाणी फार वेगवेगळं दिसतं.

अक्षरांपासून सुरुवात करू. कायद्यात अक्षर ओळखण्यापेक्षा उच्चारावर भर असतो. जीभ कुठं लागते, आवाज घशातून येतो की ओठांतून. या शास्त्राला तज्वीद म्हणतात. बाहेरून ते अतिरेकी वाटतं, पण एक उदाहरण घ्या. अरबीत 'क' दोन आहेत, एक आपला नेहमीचा आणि एक पडजिभेजवळून येणारा. पडजिभेचा काढलात तर 'क़ल्ब' म्हणजे हृदय, साधा काढलात तर 'कल्ब' म्हणजे कुत्रा. 'क़ुल' म्हणजे सांग, 'कुल' म्हणजे खा. नमाजेत सूरह म्हणताना "सांग" ऐवजी "खा" म्हटलं तर कसं चालेल? आपल्याकडे 'बाळ' आणि 'बाल' एक केलेत तर आजी कशी कपाळावर हात मारते, तसंच. चार-पाच वर्षांची जीभ असे परके आवाज सहज पकडते, चाळिशीत धाप लागते. म्हणून हे काम या वयात करून घेतात. आणखी एक गंमत म्हणजे हे पोरगं एकाच दिवशी अरबी-उर्दू उजवीकडून डावीकडे वाचतं आणि मराठी-इंग्रजी डावीकडून उजवीकडे. वही कुठल्या बाजूनं उघडायची हा त्याचा रोजचा यक्षप्रश्न.

नाजरा म्हणजे कुराण बघून वाचणं, अर्थ न समजता. उपखंडातली बहुतेक मुलं आधी नाजरा शिकतात. अर्थ शिकवायचा तर शिक्षकाला अरबी यायला हवी, आणि कित्येक मकतबांतल्या शिक्षकाचं काम नीट वाचून घेण्यापुरतंच असतं. मला इथं सर्वांत मोठी उणीव दिसते. आपा निदान दुआंचा अर्थ उर्दूत सांगते, आणि एखादं पोर गोंधळलं तर मराठीत.

अर्थाचं खरं काम गोष्टी करतात, आणि कुराणात लहान मुलांना पकडून ठेवणाऱ्या गोष्टी भरपूर आहेत. २७व्या सूरहचं नावच मुंगी आहे. सुलैमान पैगंबरांचं सैन्य येतंय हे पाहून एक मुंगी बाकीच्यांना सांगते, बिळात चला, ते नकळत तुम्हाला तुडवतील. सुलैमानांना तिचं बोलणं कळतं आणि ते हसतात. एवढीच गोष्ट. ती सांगून झाल्यावर आपा पोरांना अंगणात नेते आणि पाय जपून टाकायला लावते. मग ३१व्या सूरहतले लुकमान. ते मुलाला उपदेश करतात: कृतज्ञ राहा, नमाज पढ, लोकांपुढे गाल फुगवू नकोस, जमिनीवर ताठ्यानं चालू नकोस, आवाज खाली ठेव, सगळ्या आवाजांत वाईट आवाज गाढवाचा. शेवटचं वाक्य आपाच्या वर्गात फार कामाला येतं. २५ पोरांचा कालवा वाढला की ती फक्त विचारते, "कौन है रे ये?" आणि सगळी एकमेकांकडे बोट दाखवतात.

पैगंबरांची चित्रं काढत नाहीत, त्यामुळे गोष्टी हावभावांवर चालतात, किंवा नुसती होडी, मासा, विहीर यांची चित्रं दाखवतात. काही शाळा याही पुढं जाऊन माणसा-प्राण्यांचे डोळे-चेहरे काढू देत नाहीत, काही ठिकाणी तसं बंधन नाही. वाद्यांचंही तसंच. बालशिक्षणवाली म्हणून मला बिनडोळ्यांची बाहुली बघून कसंसं होतं, हे मी आपाला सांगितलं आहे. तिचं म्हणणं, तिच्या पोरांना होत नाही. या वादाचा निकाल आमच्यात लागलेला नाही.

पाणी हा तिचा आवडता विषय. वुजू म्हणजे नमाजेआधी हात, तोंड, नाक, चेहरा, कोपरापर्यंत हात, मग ओला हात डोक्यावरून, मग पाय, असं ठरलेल्या क्रमानं धुणं. पैगंबर एका मुद्द पाण्यात वुजू करत अशी हदीस आहे. मुद्द म्हणजे ओंजळभर, साधारण पाऊण लिटरच्या आत. आपा प्रत्येकाला छोटा तांब्या देते आणि म्हणते, एवढ्यातच. वाहत्या नदीकाठी असलात तरी पाणी वाया घालवू नका, असंही एक वचन इब्न माजा यांच्या संग्रहात आहे. त्याची सनद, म्हणजे ते कुणाकडून कुणाकडे आलं ती साखळी, काही जाणकार कच्ची मानतात, पण सांगतात सगळे. गोदावरी दहा मिनिटांवर असलेल्या पोरांना 'वाहती नदी' म्हणजे काय हे वेगळं समजवावं लागत नाही. पुरात गंगा, म्हणजे गोदावरीच, कुठवर आली होती हे त्यांना नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून कळतं, तेही नाशिककरच.

बकरी ईदच्या आधी खोक्याला काळा कागद लावून मक्केतला काबा बनतो. पोरं पांढरे टॉवेल गुंडाळून त्याभोवती सात फेरे घालतात. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं पोरं चुकली. आपली प्रदक्षिणा उजव्या हाताला, घड्याळाप्रमाणे. हा तवाफ उलट, काबा डाव्या हाताला ठेवून. मग सफा आणि मरवा या दोन टेकड्यांमधली धावाधाव, इब्राहीम पैगंबरांची पत्नी हाजरा आपल्या तान्ह्या मुलासाठी पाणी शोधत धावली होती तिच्या आठवणीत. आपा हाजरा होत नाही, ती पोरींना आणि पोरांनाही पाळीपाळीनं हाजरा करते.

आता अवघड भाग. इस्लाममध्ये कर्माचं मोल नियतवर, म्हणजे हेतूवर. बुखारींच्या संग्रहातली पहिलीच हदीस तीच. पण चार वर्षांच्या मुलाला हेतू कळतो का? स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी १९३२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुलांना दोन गोष्टी सांगितल्या होत्या. एका मुलानं दार उघडलं, मागे ट्रे आहे हे त्याला ठाऊक नव्हतं, १५ कप फुटले. दुसरा चोरून मुरांबा काढायला गेला, त्याच्या हातून एकच कप फुटला. जास्त वाईट कोण? लहान मुलं म्हणायची, १५ वाला. नंतरच्या संशोधकांना दिसलं, की गोष्ट स्पष्ट सांगितली आणि हेतू ठसवला तर तीन-चार वर्षांची मुलंही तो लक्षात घेतात. म्हणजे नियत शिकवता येते, पण ती मोठ्यांनी बोलून दाखवावी लागते. पाणी सांडलं की "कायको सांडलं?" असं न ओरडता "काय करायला गेला होतास?" असं विचारावं लागतं. हा फरक कुठल्याही अभ्यासक्रमात छापून येत नाही. तो बाईच्या स्वभावात असतो किंवा नसतो.

आणि नसतो तिथं भीती येते. नमाज नाही पढली तर आग, खोटं बोललं तर जीभ कापतील. मी एका ठिकाणी, कुठं ते सांगत नाही, पाच वर्षांच्या पोरीला रात्री झोपेना हे पाहिलं आहे. तिला कबरीतल्या सापांचं सांगितलं होतं. (आमच्याकडच्या बाया "देव डोळे फोडेल" म्हणतात, तेव्हा आपण फार उड्या मारू नयेत.) छडीबद्दलही साफ बोलायला हवं. एका प्रसिद्ध हदीसमध्ये मुलांना सातव्या वर्षी नमाज सांगा आणि दहाव्या वर्षी ती चुकवली तर मारा, असं आहे. या माराला धर्मपंडितांनी बऱ्याच अटी घातल्या, आजचे कित्येक जण तो नाकारतात. पण बालवाडीच्या दृष्टीनं महत्त्वाचं आहे ते पहिलं अर्ध वाक्य. सातच्या आत नमाजेचा हुकूमच नाही. रोजाही वयात येईपर्यंत फर्ज, म्हणजे बंधनकारक, नाही. म्हणजे चार वर्षांचं मूल सजद्यातून, जमिनीला कपाळ टेकलेलं असताना, उठून पळालं तर ते धर्माच्याच हिशेबानं काही चुकत नाही. पैगंबर सजद्यात असताना नातू पाठीवर चढून बसला, तर त्यांनी तो उतरेपर्यंत सजदा लांबवला, ही हदीसही आपा हाताशी ठेवते, तक्रार घेऊन येणाऱ्या आजोबांसाठी. इतिहासकार इब्न खल्दूननं १३७७ साली लिहिलेल्या 'मुकद्दिमा'त तर साफ म्हटलंय, की कडक शिक्षेनं मुलं आळशी होतात आणि खोटं बोलायला शिकतात.

कायद्याचं, यावेळी खऱ्या कायद्याचं, थोडक्यात. संविधानाच्या अनुच्छेद २८ प्रमाणे पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धर्मशिक्षण देता येत नाही. सरकारी मान्यता किंवा अनुदान असलेल्या संस्थेत ते द्यायचं तर अल्पवयीन मुलाच्या पालकाची संमती लागते. अनुच्छेद ३० अल्पसंख्याकांना स्वतःच्या संस्था काढण्याचा हक्क देतो. २००९चा शिक्षणहक्क कायदा ६ ते १४ वयाचा. त्यात मारण्याला बंदी आहे, पण २०१२च्या दुरुस्तीनं मदरसे आणि वेदपाठशाळा त्यातून वगळल्या, आणि तीन ते सहाची पोरं तर मुळातच त्या वयोगटात नाहीत. म्हणून या वयात पालकानं स्वतः जाऊन मागे बसून बघणं, याला पर्याय नाही. जिथं बसू देत नाहीत तिथं घालू नका, एवढंच मी आईबापांना सांगते.

खालच्या मजल्यावरच्या आजोबांना हे सगळं सांगायला मी जिना उतरले तेव्हा ते पेपर वाचत होते. म्हणाले, "म्हणजे नाडी पण शिकवतात?" म्हटलं, शिकवतात.

मागच्या आठवड्यात दुपारी आपाच्या वर्गात लाइट गेली होती. निम्मी पोरं चटईवर झोपलेली. अल्लाहला डुलकी लागत नाही, झोप येत नाही, हे सकाळीच सांगून झालेलं. एक जागं पोरगं उठून तिच्याजवळ आलं.

"आपा, अल्ला को नींद नई आती?"

"नहीं आती."

"तो दोपेर को क्या करता?"

"तेरे को क्या लगता?"

त्यानं बराच वेळ वर, बंद पंख्याकडे पाहिलं. मग म्हणालं, "सोते बच्चों पे की मक्खियाँ उड़ाता होएंगा."

आपानं बरोबर म्हटलं नाही, चूकही म्हटलं नाही. तिच्या हातात वहीचा पुठ्ठा होता, त्यानं ती शेजारच्या पोरीला वारा घालत राहिली.